सिग्नलवरचा हात आणि गीतेचे तीन श्लोक



आजचा पाठ: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७ वा, श्लोक २० ते २२. जोडीला तैत्तिरीय उपनिषदातली शीक्षावल्ली, अकरावा अनुवाक.

खरं सांगायचं तर हा पाठ मी दोनदा पुढे ढकलला. सतरावा अध्याय सुरू केला तेव्हा आहार, यज्ञ, तप यांवर मजेत लिहिलं. दानाचे श्लोक आले आणि हात थांबला, कारण हे तीन श्लोक वाचताना मला दरवेळी एकच चेहरा आठवतो. आज त्या चेहऱ्यासकट लिहितो.

आधी श्लोकांचा अर्थ

भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत.

सात्त्विक दान म्हणजे द्यायला हवं म्हणून दिलेलं. घेणारा परतफेड करू शकणार नाही हे ठाऊक असताना दिलेलं, आणि देश, काल, पात्र बघून दिलेलं.

राजस दान म्हणजे काहीतरी परत मिळावं म्हणून, किंवा फळावर डोळा ठेवून दिलेलं. किंवा जिवावर आल्यासारखं, कुरकुरत दिलेलं.

तामस दान म्हणजे भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, अपात्र माणसाला दिलेलं. इथे भगवंत आणखी दोन शब्द जोडतात: असत्कृत आणि अवज्ञात. म्हणजे मान न राखता आणि तुच्छ लेखून दिलेलं.

आता हे तिन्ही प्रकार घेऊन आपल्या रोजच्या रस्त्यावर उभं राहू. सिग्नल लाल आहे, नव्वद सेकंद बाकी आहेत. शनिवार असेल तर डब्यात तेल आणि शनिदेवांचा फोटो घेऊन कोणीतरी येतं. कडेवर बाळ घेतलेली बाई येते. तृतीयपंथी व्यक्ती टाळी वाजवून आशीर्वाद देते. काच पुसायला सात-आठ वर्षांचं पोर येतं. आपण काय करतो? हेल्मेटची काच खाली घेतो. मोबाइल काढतो. हात हलवून ‘पुढे जा’ म्हणतो. नाहीतर ते जगप्रसिद्ध वाक्य बोलतो: ‘सुट्टे नाहीत.’

आणि जेव्हा देतो, तेव्हा का देतो हेही बघा. शनीची पीडा नको म्हणून तेलाच्या डब्यात नाणं. शाप नको म्हणून दहा रुपये. दुपारी अप्रेझलची मीटिंग आहे म्हणून आज वीस. बाई गाडीपासून हटावी म्हणून पाच. मी माझ्याच एका महिन्याचं देणं आठवून लिहून काढलं, तर जवळजवळ सगळं दुसऱ्या खान्यात बसलं. पहिल्या खान्यात काय टाकावं ते सुचेना.

‘मराठी येतं का?’

पुण्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल. संध्याकाळची वेळ, नवरा-बायको, सोबत एक मूल. ‘साहेब, मराठी येतं का?’ आपण थांबतो, कारण आपल्या भाषेत कोणी हाक मारली की पाय थांबतोच. मग कळतं की ते लांबून कामाला आले, मुकादम पैसे न देता पळाला, गावी जायला भाडं नाही, पोरगं सकाळपासून उपाशी आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी अशा एका कुटुंबाला तीनशे रुपये दिले. घरी येताना फार हलकं वाटलं होतं. पंधरा दिवसांनी दुसऱ्या चौकात तोच माणूस माझ्यासमोर आला. तीच बायको, तेच मूल, तोच मुकादम. त्याने मला ओळखलं नाही.

तीनशे रुपयांचं दुःख नव्हतं. आपण मूर्ख ठरलो याचं होतं. त्या दिवसापासून मी मनात एक नियम लिहून टाकला: रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट खोटी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असे नियम फार आवडतात. एक अट लिहिली की पुन्हा विचार करायला नको.

तो नियम सात-आठ वर्षं नीट चालला. कुठेही एरर आली नाही. निदान मला दिसली नाही.

आधार कार्ड

मागच्या वर्षी श्रावणात आत्याला पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. रात्रीची पाळी माझी असायची. एके दिवशी संध्याकाळी गेटबाहेर चहा घेत उभा होतो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. धोतर, वर मळका सदरा, डोक्यावर टोपी, हातात काहीच नाही.

‘दादा, भोरला जायचंय. यष्टीला शंभर रुपयं कमी पडत्यात.’

मुकादमवाला नियम आत सुरू झालाच होता. पण त्या दिवशी मी नुसतं ‘नाही’ म्हणून थांबलो नाही. मला हुशारी सुचली.

‘आजोबा, वय काय तुमचं?’

‘असंल की सत्तर-बहात्तर.’

‘मग तुम्हाला एसटीत अर्धं तिकीट आहे. पासष्टच्या पुढे अर्धं, पंचाहत्तरच्या पुढे फुकट. शंभर रुपये कशाला लागतात? आधार कार्ड दाखवा बघू.’

मी हे मोठ्याने बोललो. चहाच्या टपरीवर चार-पाच लोक होते. एक जण हसला. आजोबांनी सदऱ्याच्या खिशाला हात लावला, तो रिकामा होता. मग माझ्याकडे न बघता ते वळले आणि निघून गेले.

मला वाटलं, पकडला. एखादा बग सापडल्यावर वाटतं तसं समाधान वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

रात्री दहाच्या सुमाराला खाली आलो, तर गेटवरच्या सिक्युरिटीच्या काकांनी विचारलं, ‘साहेब, मघाशी ते टोपीवाले बाबा तुमच्याशीच बोलत होते ना? गेले ते. मी दिले पन्नास.’

मी म्हटलं, ‘काका, ही लोकं अशीच असतात. अर्ध्या तिकिटाचं विचारलं तर गप्प बसले.’

काका म्हणाले, ‘पिशवी गेली म्हणत होते रात्री. वार्डाबाहेर झोपले होते तवा. पैसे, कार्ड सगळं त्यातच. कार्ड नाही म्हणून कंडक्टर पुरं तिकीट घेतो म्हणत होते.’

मी विचारलं, ‘तुम्हाला कसं कळलं खरं बोलतायत ते?’

‘नाय कळलं,’ काका म्हणाले. ‘खरं का खोटं, मला काय ठाऊक. म्हातारा माणूस, मागत होता. दिले.’

मी गाडी काढून स्वारगेटला गेलो. फलाटावर दोन फेऱ्या मारल्या. ते सापडले नाहीत.

ते खरं बोलत होते की नाही, हे मला आजही माहीत नाही आणि आता कळायची सोयही नाही. कदाचित तीही एक गोष्टच असेल. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा बाविसावा श्लोक वाचतो, तेव्हा लक्षात येतं की त्यातले शेवटचे दोन शब्द घेणाऱ्याबद्दल नाहीतच. अपात्र हा शब्द घेणाऱ्याचा. असत्कृत आणि अवज्ञात हे दोन्ही देणाऱ्याचे. मी तर काही दिलंही नव्हतं, फक्त अपमान तेवढा दिला. तोही चार लोकांसमोर.

दोन प्रकारच्या चुका

माझं ऑफिसचं काम संशयास्पद व्यवहार पकडणाऱ्या सिस्टिमचं आहे. अशा प्रत्येक सिस्टिममध्ये दोन प्रकारच्या चुका होतात. एक, लबाड व्यवहार सुटतो. दोन, खरा व्यवहार अडतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. चाळणी बारीक केली की खरेही अडकतात, मोठी केली की लबाडही सुटतात. म्हणून आम्ही आधी एक प्रश्न विचारतो: कोणती चूक जास्त महाग आहे?

हॉस्पिटलच्या गेटवर मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. आजोबा खोटं बोलत असते आणि मी दिले असते, तर माझे शंभर रुपये गेले असते. त्या आठवड्यात तेवढ्याच पैशांची कॉफी मी अर्धी टाकून उठलो होतो. ते खरं बोलत असतील आणि मी नाही म्हटलं, तर एका म्हाताऱ्या माणसाची रात्र स्टँडवर. एका बाजूला कॉफी, दुसऱ्या बाजूला ती रात्र. आणि मी चाळणी अशी लावून ठेवली होती की माझी कॉफी कधीही वाया जाऊ नये! ऑफिसात असं डिझाइन कोणी आणलं असतं तर मीच परत पाठवलं असतं.

पण थांबा. ‘मग सगळ्यांना द्या’ असं उत्तर काढणंही घाईचं आहे. माझी बायको या बाबतीत माझ्यापेक्षा स्पष्ट आहे. ती म्हणते, ‘मोठ्या माणसाला दिलेस आणि फसलास तर नुकसान तुझं. लहान मुलाला दिलेस तर नुकसान त्याचं.’

हे अगदी खरं आहे. सिग्नलवर जे मूल दिवसाला चांगले पैसे आणतं, ते उद्याही सिग्नलवरच आणलं जातं. तिथे माझे दहा रुपये त्याला शाळेपासून आणखी एक दिवस लांब ठेवतात. म्हणून कायदाही इथे कडक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यासाठी मुलाला अपंग केलं असेल तर किमान सात वर्षं.

म्हणजे भगवंत देश, काल, पात्र बघायला सांगतात ते उगाच नाही. प्रश्न एवढाच की ‘पात्र’ म्हणजे काय?

पात्र म्हणजे कोण?

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. आद्य शंकराचार्यांनी या श्लोकावरच्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखं पुण्यस्थान, काल म्हणजे संक्रांतीसारखा पर्वकाळ आणि पात्र म्हणजे वेदवेदांग जाणणारा, अशी उदाहरणं दिली आहेत. म्हणजे हा विचार मुख्यतः विधिपूर्वक केलेल्या दानाचा आहे. सिग्नलवर पुढे आलेला हात त्यांच्यासमोर नव्हता. तेव्हा ‘गीतेनेच सांगितलंय, अपात्राला देऊ नका’ म्हणत काच वर करणं म्हणजे श्लोकाचा सोयीने वापर करणं. मी तो वापर अनेक वर्षं केला आहे.

भुकेच्या बाबतीत आपली परंपरा काय सांगते ते बघा. अन्नदानाला एकच पात्रता लागते, ती म्हणजे भूक. एकनाथ महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, आणि वाटेत वाळूत तडफडणारं गाढव दिसलं. नाथांनी कावड तिथेच रिकामी केली. त्या गाढवाकडे कुठलंही कार्ड नव्हतं. तहान दिसत होती, तेवढं पुरलं.

आणखी एक गोष्ट मला अलीकडे सुचली. ज्या ज्ञानेश्वरीवर आपण दर एकादशीला बोलतो, ती सांगणाऱ्या माउलींची लहानपणीची ओळख काय? आईवडिलांनी देह ठेवल्यावर ही चार भावंडं आळंदीत कोरान्न मागून राहत असत. काही दारं उघडत, काही बंद होत. ती बंद करणारी माणसं आपल्या दृष्टीने धर्मच पाळत होती. त्यांच्याकडेही एक नियम होता, आणि तोही बिनचूक चालत होता.

आपल्याकडे मागणं ही मुळात लाजेची गोष्ट नव्हती. माधुकरी होती. मुंजीत भिक्षावळ असते, आणि बटू पहिली भिक्षा आईकडे मागतो. नवरात्रात बायका पाच घरी जोगवा मागतात. माझी आईसुद्धा मागते, नऊवारी नेसून, परडी घेऊन. पहाटे वासुदेव येतो, गोंधळी येतात. घेणाऱ्याचा अहंकार जावा आणि देणाऱ्याला देण्याची सवय लागावी, असा तो दुहेरी अभ्यास होता.

आता कायदा बघा. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं या निमित्ताने मागणंही येतं. म्हणजे शब्दशः बघितलं तर वासुदेवही सापडेल! या कायद्याखाली पकडलेल्याला पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, वारंवार सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्लीला हाच कायदा लागू होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातल्या भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तिथल्यापुरत्या रद्द केल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कोविडच्या काळात रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला आणि हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे असं म्हटलं. उलट इंदूरमध्ये २०२५ च्या सुरुवातीपासून भीक देणाऱ्यावरसुद्धा गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला.

२०११ च्या जनगणनेत देशात भिकारी आणि निराश्रित मिळून सुमारे ४ लाख १३ हजार माणसं मोजली गेली. एवढी माणसं एकाच प्रकारची असणं शक्य नाही. त्यात मुकादमवाला असेल, पिशवी गेलेले आजोबा असतील, मुलांनी घराबाहेर काढलेली आई असेल, व्यसनी असेल, मनाने आजारी असेल. सगळ्यांना एकच नियम लावणारा मी मात्र एकटाच, आणि त्याला मी विवेक म्हणत होतो.

उपनिषदाची मदत

तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात द्यावं कसं हेही येतं. श्रद्धेने द्यावं, ऐपतीला शोभेल असं द्यावं, आणि पुढे तीन शब्द येतात: ह्री, भी आणि संविद्.

ह्री म्हणजे लाज, संकोच. आपण समजतो लाज घेणाऱ्याला वाटायला हवी. उपनिषद म्हणतं, देणाऱ्याला वाटू दे. माझ्याकडे एवढं आहे आणि मी एवढंच देतोय, ही लाज. भी म्हणजे भय, आपल्या हातून उन्मत्तपणे दिलं जाऊ नये ही धास्ती. शापाची नव्हे! आणि संविद् म्हणजे जाण. समोर कोण आहे, त्याला काय हवं आहे, माझ्या देण्याने काय होईल, याची समज.

बघा, जाण आहेच. डोळे मिटून द्या असं उपनिषद म्हणत नाही. पण तिथे ती लाजेच्या सोबत येते. माझ्या हुशारीत जाण होती, लाज नव्हती. म्हणून ती चौकशी न राहता उलटतपासणी झाली.

सध्या मी काय करतो

हे नियम नव्हेत, अभ्यास आहे. रोज जमतोच असं नाही.

१. खोटं बोलायचं नाही. ‘सुट्टे नाहीत’ बंद. आता तर काही जणांकडे क्यूआर कोडही असतो, त्यामुळे ते वाक्य तसंही गेलं! द्यायचं नसेल तर ‘नाही देत, मावशी’ किंवा ‘माफ करा दादा’ एवढंच. सकाळी हरिपाठ म्हणून निघायचं आणि पहिल्याच सिग्नलला खोटं बोलायचं, हे बरं दिसत नाही.

२. डोळ्यांकडे बघायचं. हे सगळ्यात अवघड. नाही म्हणताना नजर मोबाइलकडे जाते, ती जाऊ द्यायची नाही. समोरचा माणूस आहे याची नोंद घेणं, एवढा सत्कार तर सिग्नलवरही शक्य आहे.

३. लहान मुलांना रोख पैसे नाहीत. खायला द्यायचं तर तिथेच उघडून. मूल एकटं, आजारी किंवा कोणाच्या धाकात दिसलं तर १०९८ ला फोन. मी आजवर दोनदा केला आहे. फोन करताना ‘कशाला नसती भानगड’ असं वाटतं, ते वाटू द्यायचं आणि करायचा. निराधार ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

४. महिन्याची रक्कम आधी ठरवायची. पगार झाला की दहा-वीसच्या नोटा काढून बॅगेच्या पुढच्या खणात ठेवतो. म्हातारी, आजारी, अपंग माणसं समोर आली तर त्यातून देतो. खण रिकामा झाला की त्या महिन्यात हात जोडून नाही म्हणतो. याने दरवेळी मनात होणारा तो खटला थांबला. ते पैसे आधीच माझे नसतात, त्यामुळे देताना कुरकूरही कमी होते.

५. दिल्यावर हिशेब मागायचा नाही. ‘दारू पिऊ नकोस हं’ असा उपदेश दहा रुपयांसोबत द्यायचा नाही. माझा पगार मी कशावर उडवतो हे मला कंपनी विचारत नाही.

६. मुळाशीही काहीतरी जावं. गाडगेबाबा स्वतः चिंध्या पांघरून, हातात झाडू आणि मडकं घेऊन फिरले. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांनी सांगितलेल्या कामांत भुकेल्याला अन्न आहे, गरीब मुलांना शिक्षण आहे, रोग्याला औषध आहे, बेकाराला रोजगार आहे. अगदी निराश माणसाला हिंमत देणंही आहे. हातावर नाणं टेकवून पुढे जाणं मात्र त्यात नाही. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळांबाहेर बसणाऱ्या याचकांवर रस्त्यातच उपचार करतात आणि त्यांना कामाला लावायची खटपट करतात. असं काम करणाऱ्यांना दरमहा थोडं देणं, हे सिग्नलवरच्या दहा रुपयांना पर्याय नाही. दोन्ही हवं.

‘बिस्किट नको’

आता शेवटची गोष्ट. माझ्या रोजच्या सिग्नलला एक बाई असते, चाळिशीची असेल. मी बॅगेत बिस्किटाचे पुडे ठेवायला लागलो होतो आणि त्याबद्दल मनातून थोडा खूश होतो. एके दिवशी तिला पुडा पुढे केला, तर ती म्हणाली, ‘बिस्किट नको दादा. सगळे बिस्किटच देतात.’

मला पहिल्यांदा रागच आला. ‘भूक असती तर घेतलं असतं’ हा जुना नियम लगेच जागा झाला. सिग्नलला अजून चाळीसेक सेकंद होते. मी विचारलं, ‘मग काय हवंय, मावशी?’

तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. ‘तेल,’ ती म्हणाली. ‘तांदूळ मिळतो रेशनवर. तेल संपलंय.’

इतकी वर्षं सिग्नलवर उभा राहतोय, पण कोणाला काय हवंय हे मी पहिल्यांदाच विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धा लिटरची पिशवी घेऊन गेलो, तर ती नव्हती. चार दिवस पिशवी डिकीत फिरत होती. पाचव्या दिवशी ती दिसली, मी दिली. तिने घेतली आणि पदराखाली ठेवली. ‘बरं झालं,’ एवढंच म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे गेली. आशीर्वाद नाही, काही नाही. गंमत म्हणजे बरं वाटलं. देवाणघेवाण पूर्ण झाली, माझ्या खात्यात काही जमा झालं नाही. परतफेड न करू शकणाऱ्याला दिलेलं, असं भगवंत म्हणतात त्याचा अर्थ मला वाटतं त्या ‘बरं झालं’मध्ये थोडासा कळला.

तिने ते तेल विकलंही असेल. असू दे. तेवढी चूक मला परवडते.

भोरचे आजोबा मात्र अजून राहिलेत. टोपीवाला कोणी दिसला की मी वळून बघतो. माफी मागायची तर त्यांच्याच हाती पोचायला हवी, ती दुसऱ्या कोणाला देऊन चालत नाही.

आजचा अभ्यास

आज बाहेर पडाल तेव्हा पैसे द्या की नका देऊ, ते तुमची जाण ठरवेल. पण आजच्या दिवसात मागणाऱ्या एका तरी माणसाच्या डोळ्यांकडे बघून उत्तर द्या. आणि रात्री झोपताना स्वतःला दोन प्रश्न विचारा: मी आज जे दिलं ते तिन्हींपैकी कोणत्या खान्यात गेलं? आणि जे दिलं नाही, ते कसं नाकारलं?

पांडुरंगा, आमच्या चाळण्या तुझ्या पायाशी ठेवतो. त्यांतून माणसं अडू नयेत, एवढं बघ.

उद्या सतराव्या अध्यायाचा समारोप, श्लोक २३ ते २८. श्रद्धेवाचून दिलेलं ‘असत्’ का ठरतं, ते तिथे बघू.

राम कृष्ण हरी.